कॉम्प्युटर सेट, एक नग

गेमिंगचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा, मॉनिटर सोडून पंच्याहत्तर हजारांच्या वर जायचं नाही आणि तो हॉलमध्येच ठेवायचा, एवढ्यावर घरात एकमत झालं होतं. हॉलची अट आईची. लॅपटॉप तिने याच कारणासाठी पहिल्या फेरीत बाद केला: तो पांघरुणात जातो. धाकट्या भावाने मग तीन पर्याय शोधून ठेवले आणि शिमग्याला मामा आमच्याकडे चिपळूणला आला तेव्हा ते त्याच्यापुढे टाकले.

मामाचं पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो विकत काही नाही, फक्त उघडतो. आई त्याची थोरली बहीण, एका पतसंस्थेचे हिशेब तपासते. दोघांचा वाद ऐकण्यासारखा असतो, कारण एकाला दुसऱ्याच्या धंद्याचा मुळीच धाक नाही. तो इथे जमेल तसा उतरवला आहे. मधली शेरेबाजी माझी.

सगळ्यात स्वस्त पर्याय आधी निकालात निघाला. किंमत २७,९९९ रुपये. ‘आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, वायफाय, फुल सेट.’

आई : मला तर हाच बरा वाटतो. आय७ आहे आणि पैसे उरतात.

मामा : ताई, कुठला आय७ ते बघ.

आई : कुठला म्हणजे? आय७ म्हणजे आय७.

मामा : खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. आय७-२६००. हा प्रोसेसर २०११च्या जानेवारीत आला. ऑफिसांतून भंगारात निघालेल्या मशीनमधला काढायचा, चायना बोर्डवर बसवायचा आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये घालायचा. आजचा साधा चार कोअरचा आय३, १२१००, याला सहज मागे टाकतो. आणि कार्ड आहे जीटी ७३०. ते २०१४चं. त्याने पडद्यावर चित्र दिसतं, एवढाच त्याचा उपयोग.

आई : पण चालतो ना?

मामा : चालू होतो. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, ही दुसरी पिढी. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला रामराम ठोकला. आणि हा पोरगा खेळतो व्हॅलोरंट. विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर तो गेम याला दारातूनच परत पाठवेल.

धाकट्याने तो स्क्रीनशॉट मुकाट्याने उडवला.

खरी लढत उरलेल्या दोघांत होती. एक नामांकित कंपनीचा टॉवर, शोरूममधला, ७४,९९० रुपयांना: आय७, हा मात्र अलीकडच्या पिढीचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० कार्ड, अस्सल विंडोज, एक वर्ष घरी येऊन दुरुस्ती. दुसरा पुण्याच्या एका दुकानाने जुळवून ठेवलेला तयार सेट, ७२,५०० रुपयांना: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ५०६०, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. कोटेशन व्हॉट्सॲपवर, एका ओळीत. दुकानदार मामाचा मित्र. ही शेवटची गोष्ट आईने पहिल्या मिनिटाला काढून घेतली.

आई : यात विचार करण्यासारखं काय आहे? इकडे कंपनी, आय७, घरी येणारा माणूस. तिकडे तुझा मित्र आणि एक ओळ.

मामा : मित्राला बाजूला ठेव. गेममध्ये पडद्यावरची प्रत्येक फ्रेम रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसर एका हद्दीपर्यंत लागतो, त्यापुढे तो कार्डाची वाट बघत बसतो. आय७ आणि त्याला जोडून ३०५० म्हणजे दहा एचपीची मोटर आणि विहिरीत गुडघाभर पाणी.

आई : मग कंपनीने तसं का केलं? त्यांना कळत नाही?

मामा : चांगलं कळतं. त्यांना हे ठाऊक आहे की शोरूममध्ये आय७ वाचणारे आई-बाप असतात. कार्डाचं नाव वाचणारा पोरगा असतो, पण पाकीट त्याच्या खिशात नसतं.

आई काही बोलली नाही. तिने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला, म्हणजे आता ती कागद तपासणार होती.

मामा : आणि ३०५० तरी कुठला? या नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. २०२२च्या जानेवारीत आला तो ८ जीबीचा. २०२४च्या फेब्रुवारीत आला तो ६ जीबीचा.

आई : इथे ६ लिहिलंय. म्हणजे दोन जीबी कमी.

मामा : सगळे असंच समजतात. आतली चिपच छाटलीय. २५६० कोअर होते, त्याचे २३०४ झाले. मेमरीचा रस्ता १२८ बिटचा होता, तो ९६ बिटचा झाला. विजेची भूक १३० वॅटवरून ७० वॅटवर आली. नाव तेवढं तसंच ठेवलं.

आई : वीज कमी खातो ते चांगलंच की.

मामा : कंपनीसाठी फारच चांगलं. बोर्डाच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात. ७० वॅटच्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. वेगळी वायर नको म्हणजे एसएमपीएस लहान चालतो. एसएमपीएस लहान म्हणजे कॅबिनेट लहान, पंखे कमी. एका कार्डामुळे चार ठिकाणी पैसे वाचतात. उद्या याला मोठं कार्ड टाकायचं झालं तर त्याला द्यायला ना वायर असेल ना वीज.

आई : म्हणजे फसवणूक.

मामा : नाही ना. ६ जीबी असं स्पष्ट लिहिलंय. तू ते वाचलंस पण.

हे मामाचं बोलणं मला फार नेमकं वाटलं. तयार कॉम्प्युटरच्या जाहिरातीत खोटं क्वचितच असतं. जे चार आकडे लोक वाचतात, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कार्डाचं नाव, ते ठळक छापतात आणि त्यावर पैसे खर्च करतात. बचत होते ती न छापलेल्या जागी: बोर्ड, एसएमपीएस, रॅमच्या स्टिक किती, कार्डाची नेमकी आवृत्ती, हवा खेळण्याची सोय. बजेट जितकं तंग, तितकी ही न छापलेली यादी लांब. कंपनीचा टॉवर असो की दुकानाचा सेट, या बाबतीत दोघं एकाच माळेचे मणी. मामाला हे कबूल करायला थोडा वेळ लागला, तो प्रसंग पुढे येईलच.

आई : बरं, तुझा ५०६० किती पुढे?

मामा : ६ जीबीच्या ३०५०च्या दुपटीहून जास्त. फुल एचडी मॉनिटरवर हा म्हणेल तो गेम चालेल.

आई : मेमरी त्याची ८ जीबीच आहे. मघाशी तूच ६ आणि ८ वेगळे काढत होतास.

मामा : ती त्याची दुखरी जागा आहे. काही नव्या गेमांत टेक्श्चरची सेटिंग खाली आणावी लागते, पुढे आणखी आणावी लागेल. १६ जीबीचा ५०६० टीआय मिळतो, पण तो आपल्या पैशांत बसत नाही. फुल एचडीत राहिला तर याचं भागेल.

धाकटा इथे मध्येच पडला. त्याच्या मित्राने याहून निम्म्या पैशांत जीटीएक्स १६५०वाला सेट घेतला होता आणि सगळं चालतं म्हणत होता. मामाने त्याला दोन नावं सांगितली: डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५चा ‘डूम : द डार्क एजेस’. दोन्हींना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच लागते. १६५० हे २०१९चं कार्ड, त्यात ती सोय नाही. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ एवढंच आयुष्यभर खेळायचं असेल तर मात्र मित्राचं बरोबर आहे, असंही तो म्हणाला. चाळीस हजारांत ज्यांना भागवायचं आहे त्यांनी हे वाक्य जपून ठेवायला हरकत नाही.

आई : आता मी विचारते. रॅम महाग झालीय असं पेपरात येतंय. खरं?

मामा : खरं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते. कारखाने तेच, त्यांनी जास्त पैसे देणाऱ्याकडे मोर्चा वळवला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर २०२५च्या डिसेंबरात ‘क्रुशियल’ ही किरकोळ ग्राहकांची शाखाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदार आता कोटेशनवर लिहितात, भाव दोन दिवसांसाठी.

आई : आणि कंपन्यांकडे जुन्या भावाने घेतलेला माल असतो. म्हणजे आत्ता तयार कंपनीचा घेणंच शहाणपणाचं. सुटे भाग महाग, तयार पेटी स्वस्त.

मामा : काही मॉडेलांच्या बाबतीत हो.

आई : काही मॉडेलांच्या!

मामा : अगं, हे मी मनापासून म्हणतोय. २०२१मध्येही असंच झालं होतं. क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली, बाजारात सुटं कार्ड दिसेना, तेव्हा नुसत्या कार्डासाठी लोक तयार पेट्या घेत होते. २०२२मध्ये कुठे भाव उतरू लागले, आणि त्या सप्टेंबरात इथेरियमने कार्डांवरचं मायनिंगच थांबवलं. अशा दिवसांत ‘स्वतः जुळवलेलं नेहमी स्वस्त’ हे म्हणणाऱ्याने पुन्हा बेरीज करावी. पण तुझ्या या टॉवरमध्ये रॅम कशी आहे ते विचार. १६ जीबीची एक स्टिक की ८-८च्या दोन?

आई : एकूण सोळाच ना?

मामा : प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलू शकतो. एकच स्टिक असेल तर एक वाट बंद. गेममध्ये ते जाणवतं, विशेषतः मध्येच झटके बसतात तेव्हा. आणि दुसरी स्टिक नंतर टाकू म्हणशील तर आजच्या भावात टाकावी लागेल.

आईने शोरूमला फोन लावला. पलीकडच्या मुलाने स्टिक म्हणजे काय ते आधी विचारलं, मग आत जाऊन आला आणि ‘एकच आहे’ म्हणाला. त्याने निदान आत जाऊन पाहिलं, याचं मामाला कौतुक वाटलं.

मग आईने डाव उलटवला. आत्तापर्यंत प्रश्न एकाच पेटीला पडत होते. आता तिने मित्राची ती एक ओळ मोठी करून पाहिली.

आई : ‘५५० वॅट एसएमपीएस.’ कुठल्या कंपनीचा?

मामा : चांगलाच देईल तो.

आई : मी कंपनी विचारली.

मामा : ...विचारून सांगतो.

आई : कंपनीवाल्याने ६ जीबी तरी लिहिलं होतं. तुझ्या मित्राने नावही लिहिलं नाही. आणि हा भाग किती महत्त्वाचा? खरं सांग.

मामा : माझ्या टेबलावर जी मशीन जळून येतात त्यांत पहिला हात मी त्यालाच लावतो.

त्याने फोनमधला एक फोटो दाखवला. काळा पत्र्याचा डबा, वर लाल अक्षरांत ५०० डब्ल्यू, त्याखाली दिव्यांच्या कॅबिनेटला शोभेल अशी एक ज्वाळा. बाजूला लेबल होतं, त्यावर बारीक तक्ता.

मामा : वरचा आकडा वाचायचा नाही. तक्त्यात ‘+१२ व्होल्ट’ शोध. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचं जेवण त्याच ओळीतून येतं. त्याखाली अँपिअर किती?

आई : अठरा.

मामा : बारा गुणिले अठरा.

आई : दोनशे सोळा. मग पाचशे कुठून आले?

मामा : छापखान्यातून.

आई : थांब. ५०६०ला किती लागतात?

मामा : १४५ वॅट.

आई : प्रोसेसरला?

मामा : पूर्ण ताणला तर ७६.

आई : दोनशे एकवीस. दोनशे सोळाला हा डबा संपतो. म्हणजे पंखे, एसएसडी काही धरलं नाही तरी पाच वॅटांचा तोटा.

मामा इतकी वर्षं ही कामं करतो, पण कोणी ताळेबंद मांडल्यासारखा हा हिशेब त्याच्यापुढे मांडला नव्हता. एनव्हिडिया ५०६०साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते तो याच कारणाने सढळ हाताने: भार क्षणभर उसळतो, डबा जुना होतो, उन्हाळ्यात खोली तापते. ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का असेल तर बरं, पण तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. शॉर्ट झाल्यावर डबा स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवेल की सगळ्यांना घेऊन जाईल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते कंपनीच्या नावावरून आणि वॉरंटीच्या वर्षांवरून ओळखायचं.

आईने त्याच बसल्या बैठकीत मित्राला मेसेज पाठवला. प्रत्येक भागाची वेगळी ओळ, कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटी किती वर्षं आणि कोणाची. ‘रायझन ५ ५६०० की ५५००, स्पष्ट लिहावे’ ही ओळ मामाने घालायला लावली. ५५००मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाकडे जाणारा रस्ता, जुन्या तिसऱ्या पिढीचा. ५०६० हे आठच लेनचं कार्ड, त्याला जुना रस्ता दिला की तो आणखी अरुंद होतो. म्हणून बोर्डही बी५५० हवा, ए५२० नको.

उत्तर यायला तास लागला. प्रोसेसर ५६००च. बोर्ड बी५५०. रॅम ८-८च्या दोन. एसएमपीएससमोर लिहिलं होतं: ‘लोकल. ब्रँडेड पाहिजे तर २,३०० वाढतील.’

आई : म्हणजे ७२,५००ला तो नव्हताच.

मामा : सगळेच असं करतात गं. गिऱ्हाईक दहा दुकानांत ओळ पाठवतं, पाचशे रुपयांनी कमी असेल तिथे जातं. जो चांगला डबा धरून भाव सांगतो त्याला कोणी फोन करत नाही.

आई : तक्रार नाही माझी. त्याने विचारल्यावर खरं लिहिलं. फक्त आता दोन पेट्यांत फरक १९० रुपयांचा उरला. ७४,९९० आणि ७४,८००. आता सांग, विंडोज कुठंय?

मामा गप्प.

आई : कंपनीच्या किमतीत आहे. तुझ्या यादीत नाही.

मामा : ते... घालून देतो तो.

आई : घालून देतो म्हणजे पावतीशिवाय. मी पतसंस्थेत लोकांना काय सांगते आणि घरात काय बसवते?

या मुद्द्यावर आई जिंकली आणि मामाने तो मुकाट्याने मान्य केला. अस्सल विंडोजचे पैसे वेगळे धरले तर दुकानाचा सेट कंपनीच्या पेटीपेक्षा महाग पडतो, हे तुलना करणारे बहुतेक जण विसरतात.

आई : आता दुरुस्ती. तू म्हणशील चिपळूणला कोण येतंय. मी कस्टमर केअरला पिनकोड सांगून विचारलंय. येतात. दोन-तीन दिवस लागतात, पण येतात.

मामा : एक वर्ष.

आई : पैसे भरले की वाढवून मिळतं.

मामा : आणि त्यानंतर? मोठ्या कंपन्यांच्या कित्येक टॉवरमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात. प्लगच्या पिना वेगळ्या. बाजारातला साडेतीन-चार हजारांचा चांगला एसएमपीएस त्यात बसत नाही, कंपनीचाच आणावा लागतो, मिळाला तर. माझ्याकडे अशी मशीन येतात. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, आणि एका डब्यापायी सगळं पडून.

आई : तुझ्या सेटमध्ये काय आहे? कार्डाची तीन वर्षं, प्रोसेसरची तीन वर्षं, एसएसडीची त्यांच्या त्यांच्या कंपनीकडे. वर्षं जास्त, मान्य. पण दारं पाच. पडदा काळा झाला तर कुठल्या दारात जायचं हे मला कोण सांगणार?

मामा : मी.

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, मामा, तुझा सगळा सल्ला ज्यांना मामा आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

मामा चहा संपेपर्यंत बोलला नाही.

मामा : बाकीच्यांनी कंपनीचीच पेटी घ्यावी. हसू नकोस ताई. पण ही नाही. त्याच कंपनीत खालचं मॉडेल बघायचं, आय५वालं, पण कार्ड ४०६० किंवा ५०६०. आय७वरून आय५वर आलं तर गेमिंगमध्ये फारसं काही जात नाही. कार्ड उतरलं तर सगळं जातं. दुकानात जाऊन कॅबिनेटची बाजू उघडून दाखवा म्हणायचं. बोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या मापाचे असतील तर उत्तम. रॅमच्या दोन स्टिक दिसायला हव्यात. उघडून दाखवत नाहीत म्हणाले तर फोटो मागायचा. तोही नाही म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडायचं. आणि पिनकोड विचारायचा, ते हिने केलंच.

आई : आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ बघून पंच्याहत्तरचं नव्वद करायचं नाही. व्याजाएवढी सूट दाखवतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याच खात्यातून जातो, वर प्रोसेसिंग फी. आणि बऱ्याचदा रोख पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट तिथे मिळत नाही.

मला इथे मामाचं म्हणणं पटतं, आणि थोडं पुढे जाऊन म्हणावंसं वाटतं की आपल्याकडे तयार पेटीला उगाच नाकं मुरडली जातात. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात उभं राहून भाग जुळवण्याची हौस वेगळी आणि शाळामास्तराने, नर्सने, एसटीच्या कंडक्टरने वर्षभर साठवलेल्या पैशांतून पोरासाठी यंत्र घेणं वेगळं. यातल्या दुसऱ्याला दुरुस्तीसाठी एक फोन नंबर विकत मिळत असेल तर तो त्या किमतीचाच भाग आहे. फक्त त्या नंबराच्या मोबदल्यात छाटलेलं कार्ड गळ्यात पडू नये.

आई : मग आपण कुठलं खालचं मॉडेल बघायचं?

मामा : आपल्याकडे मामा आहे.

आई : सध्या आहे.

शोरूममध्ये ५०६०वालं मॉडेल विचारलं तेव्हा ते ८९,९९० निघालं, म्हणून तो रस्ता बंद झाला. पारडं दुकानाच्या सेटकडे झुकलं, पण आईने अटी घातल्या. त्यातली पहिली बिलाची. ती निघाली मामाच्याच एका गोष्टीवरून. त्याच्याकडे एक गृहस्थ बंद पडलेलं कार्ड घेऊन आले होते. वॉरंटी शिल्लक होती. बिलावर होतं ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’, खाली एकूण रक्कम आणि दुकानाचा शिक्का. कार्डाचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. कार्ड त्या बिलातलंच हे कोणाला पटवून देणार? दुकान तोवर बंद झालं होतं.

आई : ‘एक नग’! हे बिल मी व्हाउचर म्हणूनसुद्धा पास केलं नसतं.

तिने अट लिहूनच दिली. पक्कं बिल, प्रत्येक भागाची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीत सिरियल नंबर. रिकामे खोकेही द्यायचे, कारण नंबर त्यांवर असतात. विंडोज पावतीसह. त्यासाठी धाकट्याचा मॉनिटर १६५ हर्ट्झवरून शंभरवर उतरवला गेला, तो त्याने फारशी खळखळ न करता सोसला. मामाने दिलासा दिला की शंभरही पुष्कळ आहेत, फक्त विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ते लावावे लागतात. लोक नवा मॉनिटर आणतात आणि वर्षभर साठवर चालवतात. काही जण त्याहून पुढचे, एचडीएमआयची वायर बोर्डाच्या खाचेत लावतात आणि कार्ड बिघडलं म्हणून भांडायला येतात. मागे खालच्या बाजूची आडवी खाच, ती कार्डाची.

घराच्या बाजूनेही काही निघालं. मामाने हॉलमधला प्लग तपासला आणि अर्थिंग नसल्याचं सांगितलं. अशा प्लगवर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात आणि घरातले म्हणतात कॉम्प्युटर शॉक मारतो. जुना यूपीएस ६०० व्हीएचा आहे. त्यावर साधारण ३६० वॅटच मिळतात. मशीन गेममध्ये अडीचशेच्या आसपास आणि वर मॉनिटर, म्हणजे वीज गेल्यावर सेव्ह करून बंद करायला पुरेल, खेळत राहायला नाही. आईला ही त्यातली सर्वांत चांगली बातमी वाटली.

मामाने नकाशा आखला. मित्राने सेट जुळवला की तो आधी मामाच्या टेबलावर दोन दिवस चालणार. मग कार्ड काढून वेगळ्या खोक्यात, बाकीचं कॅबिनेट सीटवर आडवं. जड कार्ड बोर्डाला लटकलेलं ठेवून कुंभार्ली घाट उतरायचा नाही, असं तो म्हणाला. कुरियरने मागवणाऱ्यांनी खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि आत भरलेला फोम काढल्याशिवाय बटण दाबू नये, हेही त्याने धाकट्याला दोनदा बजावलं, जरी आमच्या बाबतीत त्याचा काही संबंध नव्हता.

आई : पैसे उद्या पाठवते. निम्मे. उरलेले बिल हातात आल्यावर.

मामा : ताई, तो माझा मित्र आहे.

आई : म्हणून तर निम्मे आधी देतेय.